व्याह्यांचे अकरा आईवडील

माझ्या व्याह्यांना अकरा आईवडील आहेत. ही गोष्ट त्यांनी माझ्यापासून कधीच लपवली नव्हती. लग्नाच्या दोन महिने आधी, कॅमेऱ्यासमोर बसून, माझ्याकडे सरळ बघत त्यांनी ती मला सांगितली होती. मीच ती व्याकरणाच्या दृष्टीने चूक ठरवली आणि त्यांच्याकडून पाच वेळा दुरुस्त करून लिहून घेतली.

यात त्यांचा काही दोष नाही. दोष माझ्या धंद्याचा आहे. गेली सत्तावीस वर्षं मी नागपुरात इंग्रजी शिकवतो. सीताबर्डीला कपड्यांच्या एका दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर माझा क्लास आहे. खाली कुर्तेवाला ओरडत असतो, वर मी ओरडत असतो, आणि लोक त्याचंच जास्त ऐकतात. इतकी वर्षं हा उद्योग केल्यावर माणसाच्या कानाला एक खोड लागते. समोरचा काय बोलला ते ऐकू येत नाही, कसं बोलला तेवढंच ऐकू येतं. एकदा एक विद्यार्थी धावत वर आला आणि धापा टाकत म्हणाला, "सर, युवर स्कूटर इज टेकिंग." मी त्याला थांबवलं. 'इज टेकिंग' नाही, 'इज बीइंग टेकन'. कर्मणी प्रयोग फळ्यावर लिहून समजावला. त्याने बिचाऱ्याने तीनदा बरोबर म्हणून दाखवलं. तोवर वाहतूक पोलिसांच्या गाडीवर चढून माझी स्कूटर व्हरायटी चौक ओलांडून गेली होती.

तर अशा माणसाच्या मुलीने इटालियन मुलगा पसंत केला.

आमची ऋता तुरिन शहरात शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि तिथेच तिला लुका भेटला. मुलगा चांगला, उंच, कमी बोलणारा, इंग्रजी व्यवस्थित. त्याचे वडील एन्झो मात्र इंग्रजीत शून्य. लोकरीच्या गिरणीत चाळीस वर्षं मागांची दुरुस्ती करून निवृत्त झालेले. लग्न फेब्रुवारीच्या शेवटी नागपुरात करायचं ठरलं तेव्हा ऋता म्हणाली, बाबा, काळजी करू नका, आम्ही दोघं दुभाषाचं काम करू. मला ते लागलं. इंग्रजीच्या मास्तराच्या घरात व्याही मुक्यासारखा बसणार? मी जाहीर केलं की एन्झोंना मी शिकवतो. तीन महिन्यांत ते माझ्याशी थेट इंग्रजीत बोलतील. पाहुणे किती, उतरणार कुठे, खाणार काय, हे सगळं आम्ही दोघं व्याही आपसांत ठरवू. तोच त्यांचा सराव आणि तीच परीक्षा. तुम्ही मुलांनी मध्ये बोलायचं नाही.

मुलं खरंच मध्ये बोलली नाहीत.

नोव्हेंबरात वर्ग सुरू झाला. आमच्याकडे संध्याकाळचे साडेसात, त्यांच्याकडे दुपारचे तीन. मी प्रतापनगरच्या आमच्या हॉलमध्ये लॅपटॉप मांडून बसायचो. शेजारी दिवाणावर मोठ्या वहिनी वाटाणे सोलत असायच्या. माझे थोरले भाऊ गेल्यापासून त्या आमच्याकडेच असतात. माहेर उमरेडचं, विणकराचं घर. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजीशी त्यांचा संबंध माझ्या ओरडण्यापुरताच.

एन्झोंसारखा विद्यार्थी मी सत्तावीस वर्षांत पाहिला नाही, हे मला मनापासून सांगायचं आहे. माझ्या क्लासला येणारी पोरं वही विसरतात, पेन विसरतात, एक तर क्लासचा जिनाच विसरला होता. आणि हा चौसष्ट वर्षांचा माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात कोट घालून, केस विंचरून, पेन्सिलीला टोक करून बसलेला. शंका आली की हात वर करायचे. स्क्रीनवर मी एकटाच असताना हात वर करायचे! गृहपाठ म्हणून पाच वाक्यं दिली की दहा लिहून आणायचे. अक्षर असं, की छापलेलं वाटावं.

अडचणी होत्याच. शब्द व्यंजनावर संपला की त्यांना करमत नसे, ते शेवटी एक स्वर जोडून द्यायचे. ब्रेडचं 'ब्रेडा', बुकचं 'बुका'. त्यांच्या भाषेत 'ह' उच्चारतच नाहीत, त्यामुळे हाउस म्हणजे 'आउस' आणि हॅपी म्हणजे 'ॲपी'. मी त्यांना तोंडासमोर मेणबत्ती धरायला लावली. 'ह' म्हटल्यावर ज्योत हलली पाहिजे. पहिल्या दिवशी ज्योत ढिम्म. तिसऱ्या दिवशी विझली. मी माझ्या वहीत 'ह : पूर्ण' असं लिहून खूण केली. (त्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, हे मला फार नंतर कळलं.)

वय सांगताना ते म्हणायचे, "आय ॲव सिक्स्टी-फोर इयर्स." इटालियनमध्ये वय 'असतं', इंग्रजीत आपण वय 'असतो', हे मी चार दिवस समजावत होतो. चौथ्या दिवशी वहिनी वाटाण्यातून मान वर न करता म्हणाल्या, "आपुन बी तं म्हणतो ना, मले साठ वर्षं झाले. त्याचं काहून चूक हाय?"

मी त्यांना सांगितलं की वहिनी, हे व्याकरण आहे. त्या गप्प बसल्या. त्यांनी गप्प बसणं ही आमच्या घरात नेहमी काहीतरी होण्याची सुरुवात असते, पण मला ते तेव्हा सुचलं नाही.

डिसेंबरच्या शेवटी 'फॅमिली' हा धडा आला. फादर, मदर, ब्रदर, सिस्टर झालं. मग मी प्रश्न विचारला, नागपूरला तुम्ही कोणाबरोबर येणार? एन्झो उत्साहाने पुढे सरकले.

"आय कम विथ माय वाइफ अँड माय पेरेंट्स."

मी खूश. 'ब्रेडा'वाला माणूस आज एवढं सरळ बोलला. वरून नव्वदीच्या घरातले आईवडील नातवाच्या लग्नाला सातासमुद्रापार येणार म्हणून भरूनही आलं. मी शाबासकी दिली. ती त्यांच्या डोक्यात गेली असावी, कारण त्यांनी आणखी एक वाक्य बोलून दाखवलं.

"माय पेरेंट्स आर इलेव्हन."

मी हसलो. म्हटलं, एन्झो, माणसाला पेरेंट्स दोनच असतात. एक फादर, एक मदर. त्यांनी बोटं मोजून पाहिली. मग म्हणाले, इटलीत पुष्कळ असतात. मी म्हटलं, कुठल्याही देशात दोनच. त्यांनी पुन्हा हात वर केला आणि म्हणाले, "सम ओल्ड, सम यंग." मी तेही दुरुस्त केलं. दोनच माणसं असली की 'सम' येत नाही. एक म्हातारं, एक तरुण, असं म्हणा. मनात म्हटलं, वडिलांपेक्षा आई बरीच लहान दिसते. मग त्यांच्याकडून 'आय हॅव टू पेरेंट्स' हे वाक्य पाच वेळा लिहून घेतलं. लिहिताना त्यांचा चेहरा थोडा उतरला होता. एक-एक अक्षर सावकाश काढत होते. मला वाटलं, पेन्सिलीचं टोक बोथट झालं असेल.

त्या धड्यानंतर मी घरात तयारीला लागलो. खालच्या मजल्यावरची खोली म्हाताऱ्यांसाठी मोकळी केली. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला. धंतोलीला माझा एक जुना विद्यार्थी डॉक्टर आहे, त्याला लग्नाचे आठ दिवस मोबाइल चालू ठेवायला सांगितला आणि त्याच्याच ओळखीने दोन व्हीलचेअर आणल्या. माझी बायको सुनंदा मऊ भात, मुगाची खिचडी, बिनतिखटाचं वरण अशी यादी करत बसली. आठवडाभर आधी ऋता आणि लुका येऊन पोचले. ऋताने आल्या आल्या विचारलं, बाबा, सगळ्यांची सोय झाली ना? मी म्हटलं, सगळ्यांची. तिच्या 'सगळ्यांत' तेरा माणसं होती, माझ्या 'सगळ्यांत' चार. दोघंही समाधानाने झोपायला गेलो.

विमान सकाळचं होतं. मी, सुनंदा, वहिनी, ऋता, लुका असे विमानतळावर उभे. माझ्यापुढे दोन व्हीलचेअर, त्यांवर दोन मऊ उशा, प्रत्येकीला झेंडूची माळ बांधलेली. लुका त्या व्हीलचेअरकडे दोनदा बघून ऋताच्या कानात काहीतरी बोलला. ती म्हणाली, आमच्यातली काहीतरी पद्धत असेल. (स्वतःच्या बापाला एवढं ओळखून असलेली मुलगी असं कसं म्हणाली, देव जाणे.)

दार उघडलं आणि एन्झो बाहेर आले. तोच कोट. त्यांच्यामागे त्यांची बायको पाओला. त्यांच्यामागे एक धिप्पाड माणूस, दोन खांद्यांवर दोन बॅगा. त्याच्यामागे त्याच्याएवढीच धिप्पाड बाई. मग दोन बहिणी, एक टक्कलवाले काका, दोन कॉलेजातल्या मुली, एक जोडपं, एक एकटेच गृहस्थ आणि सगळ्यांत शेवटी रोझा नावाच्या एन्झोंच्या थोरल्या बहीणबाई, ज्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माझ्यापेक्षा भराभर चालत होत्या. सगळे लुकाच्या गळ्यात पडले, मग ऋताच्या, मग माझ्या. मी मिठ्या मारत होतो आणि त्यांच्या खांद्यांवरून दाराकडे बघत होतो. म्हातारे काही येईनात.

धिप्पाड माणसाने व्हीलचेअर पाहिल्या, खूश झाला आणि आपल्या दोन्ही बॅगा त्यांवर उशांना टेकवून ठेवल्या.

मी एन्झोंना हळूच विचारलं, व्हेअर आर युवर पेरेंट्स? त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी हात पसरून त्या अख्ख्या घोळक्यावरून फिरवला.

"इअर, टीचर. इलेव्हन."

ऋताने कपाळाला हात लावला. मग तिने मला बाजूला घेऊन सांगितलं की इटालियनमध्ये 'पारेन्ती' म्हणजे नातेवाईक. आईवडिलांना वेगळाच शब्द आहे. एन्झोंना वाटलं, पेरेंट्स म्हणजे तेच. "आणि आजी-आजोबा?" मी विचारलं. ती म्हणाली, बाबा, लुकाचे आजी-आजोबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली.

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांच्या संसारात ती मला नावाने हाक मारत नाही आणि रागावतही नाही. फक्त पाहते. मी चारजणांसाठी एक गाडी सांगितली होती आणि समोर तेरा माणसं आपापल्या सामानासह उन्हात हसत उभी होती.

अशा वेळी सत्तावीस वर्षांचा अनुभव कुठे जातो, कळत नाही. मी 'वेलकम, वेलकम' एवढंच म्हणत राहिलो. वहिनींनी मात्र पिशवीतून मोबाइल काढला. नागपूरजवळच्या वाडीला त्यांच्या माहेरच्या ओळखीतल्या एकाचं ट्रान्सपोर्टचं गोदाम आहे. त्याला त्या म्हणाल्या की कामगारांना आणतो ती लहान बस धाडून दे, पाहुणे आलेत, आणि बस झाडून धाड. मग दुसरा फोन आमच्या गल्लीत. मग तिसरा. बस येईपर्यंत आमच्या गल्लीतल्या चार घरांमध्ये तेरा पाहुण्यांची वाटणी झाली होती. कोणाकडे वरची खोली, कोणाकडे मुलाचा पलंग. रोझाबाई आणि एन्झो-पाओला आमच्याकडे. बसमध्ये चढताना वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही मांगं बसा. पुढे बसून काही सांगू नोका कोणाले." मी मागे, दोन रिकाम्या व्हीलचेअरच्या मध्ये बसलो.

त्या संध्याकाळी मी एन्झोंची माफी मागितली. ते हसले आणि आपली वही घेऊन आले. माझा धडा त्यांनी उघडून दाखवला. 'आय हॅव टू पेरेंट्स' पाच वेळा, त्या छापील अक्षरात. खाली बारीक अक्षरात इटालियनमध्ये एक ओळ होती. मी लुकाला वाचायला सांगितली. त्याने वाचली आणि मला इंग्रजीत सांगितली. एन्झोंनी लिहिलं होतं : मास्तर म्हणतात मला दोन आहेत. इंग्रजीत, जे वारले त्यांनाही मोजत असावेत. चांगली भाषा आहे.

मी ती वही हातात धरून बसलो. आयुष्यभर व्याकरण शिकवलं, पण माझ्या चुकीतून एवढं सुंदर काही निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी वाक्य दुरुस्त केलं नाही.

इथे मी शहाणा झालो असतो तर गोष्ट संपली असती. झालो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रोझाबाई हॉलमध्ये बसल्या होत्या. चेहरा लाल, कपाळावर घाम, हाताने वारा घेत मला म्हणाल्या, "काल्दो, काल्दो." मला आनंद झाला. एन्झोंकडून ऐकून ऐकून बाईंनी कोल्ड हा शब्द उचलला होता, शेवटी घराण्याचा स्वर जोडून. मी ताबडतोब पंखा बंद केला. त्यांनी डोळे मोठे केले आणि पुन्हा म्हणाल्या, काल्दो. मी खिडक्या लावल्या. त्या आणखी कळवळून तेच म्हणाल्या, तेव्हा मी त्यांना शाल पांघरली. घाम येतोय म्हणजे थंडी वाजून ताप आला असणार, या विचाराने मी धंतोलीच्या डॉक्टरला फोन लावला आणि सुनंदाला आल्याचा कडक चहा टाकायला सांगितला. बाई शालीतून हात बाहेर काढायच्या, मी आत घालायचो.

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. एक नजर बाईंकडे, एक माझ्याकडे. काही न बोलता शाल काढली, पंखा पाचवर केला, ओला पंचा त्यांच्या मानेवर ठेवला आणि माठातलं पाणी हातात दिलं. रोझाबाईंनी वहिनींचा हात धरला आणि डोळे मिटले. 'काल्दो' म्हणजे गरम. शब्द तसा कोल्डचा सख्खा भाऊ दिसतो, अर्थ मात्र बरोबर उलटा.

मी वहिनींना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्या म्हणाल्या, "तिच्या तोंडाकडे पाह्यलं." एवढंच. जणू ही काही विशेष गोष्ट नव्हती.

हळदीच्या दिवशी तर मी कळस केला. मुहूर्ताचा घोळ झाला, भटजी उशिरा आले, मग फोटोग्राफरला पुन्हा पुन्हा हळद लावून हवी होती. दीड वाजून गेला. एन्झो माझ्याजवळ आले. चेहरा गंभीर. ते हळू आवाजात म्हणाले, "टीचर, आय ॲम ॲंग्री." मी हादरलो. विचारलं, का, काय झालं? त्यांनी मागे बसलेल्या आपल्या माणसांकडे बोट दाखवलं. "ऑल ॲंग्री. व्हेरी, व्हेरी ॲंग्री."

मुलाकडची मंडळी रागावली. हे वाक्य मुलीच्या बापाला कोणत्याही भाषेत कळतं. कोणाचा मान राहिला? कोणाला आधी हळद लावायला हवी होती? व्हीलचेअरचं मनाला लागलं असेल? मी सुनंदाला सांगितलं, तिने तिच्या भावाला सांगितलं आणि पाच मिनिटांत आमच्याकडचे सहा जाणते पुरुष रांगेत उभे राहिले. एन्झोंना पाटावर बसवलं. खांद्यावर शाल घातली, डोक्यावर टोपी ठेवली, हातात नारळ दिला. मी हात जोडून, काही चुकलं असेल तर पोटात घाला, हे इंग्रजीत सांगण्याचा प्रयत्न केला. ते मला अजूनही नीट जमलेलं नाही. त्यात 'स्टमक' हा शब्द आला तेव्हा एन्झोंनी जोरात मान हलवली. मला वाटलं, माफ केलं. त्यांचे टक्कलवाले काकाही पुढे आले आणि आशेने नारळाकडे बघू लागले. एन्झोंनी नारळ कानाशी नेऊन हलवला, बोटाने वाजवला, पाटाच्या कडेवर हलकेच आपटून पाहिला.

वहिनी मांडवाच्या खांबाला टेकून बघत होत्या. त्या माझ्या कानाशी आल्या.

"भाऊजी, त्याले भूक लागली हाय. रागावलेला माणूस नारळ फोडून नाई पाहत."

हंग्री. ज्या 'ह'पुढे मी पूर्ण लिहून खूण केली होती, तोच. सगळा पाठ माझा, विद्यार्थी माझा, आणि ओळखलं चौथी शिकलेल्या बाईने, खांबाला टेकून. दहा मिनिटांत पानं मांडली. वडाभात आला. वहिनींनी तेलाची फोडणी प्रत्येकाच्या पानात हाताने घातली. तो धिप्पाड माणूस तिसऱ्यांदा भात घेताना रडत होता. मी घाबरून विचारणार होतो, पण वहिनींनीच सांगितलं की ठेचा जास्त खाल्ला त्याने.

लग्न नीट पार पडलं. त्यात माझा फारसा हात नव्हता, म्हणूनच असेल. मंगलाष्टकं चालू असताना ते अकराही आईवडील रुमाल घेऊन रडत होते आणि वहिनी आणि रोझाबाई एकमेकींच्या कमरेत हात घालून उभ्या होत्या. त्या दोघींना एकमेकींचा एक शब्द येत नव्हता. दिवसभर बोलत होत्या.

लग्नानंतर दोन दिवसांनी वहिनी म्हणाल्या, एन्झोभाऊंना उमरेडला न्यायचं. मी विचारलं, कशाला? तर म्हणाल्या, त्यांना दाखवायचं आहे. मी सोबत गेलो, कारण दुभाषा हवा, असं मला वाटलं. वहिनींच्या भावाकडे एकच हातमाग उरला आहे. मुलं नोकरीला लागली, माग मागच्या पडवीत उभा आहे. भाऊ अधूनमधून एखादं लुगडं विणतात, हात विसरू नये म्हणून.

पडवीत शिरल्यावर एन्झोंनी आधी बूट काढले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मागाजवळ गेले. मग फणीवरून बोटं फिरवली, एक लाकूड दाबून पाहिलं, वाकून खालच्या दोऱ्या पाहिल्या. चाळीस वर्षं ज्याने लोखंडी माग दुरुस्त केले, तो माणूस एखाद्या वयस्क नातेवाइकाला भेटावं तसा त्या लाकडी मागाला भेटत होता. वहिनी पदर खोचून, विणणारा पाय सोडून बसतो त्या मागाच्या खड्ड्यात उतरल्या. स्वतःच्या लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच. पायांनी पावड्या दाबल्या, धोटा एकदा इकडून तिकडे गेला आणि एक धागा तुटला.

वहिनींनी काही म्हणायच्या आत एन्झो वाकले. तुटलेली दोन टोकं चिमटीत धरली, एकदा फिरवली, आणि गाठ बसली. वहिनींनी ती गाठ जवळून पाहिली. त्यांच्या माहेरची गाठ वेगळी. त्यांनी स्वतःहून दुसरा धागा तोडला आणि आपली गाठ घालून दाखवली. एन्झो इटालियनमध्ये काहीतरी लांबलचक बोलले. वहिनी म्हणाल्या, "हो ना, पण सुती धाग्याले ते नाई चालत." एन्झोंनी मान हलवली आणि बोटाने लोकरीची जाडी दाखवली. त्या म्हणाल्या, तेच तर मी म्हणून राहिली. मी तिथे उभा राहून बघत होतो. कर्ता नाही, कर्म नाही, काळ नाही, आणि दोन माणसं एकमेकांना सगळं सांगत होती. अर्धा तास मी असलं काही पाहिलं, जे शिकवता येत नाही.

पण खोड ती खोड. मला राहवेना. मी मध्ये पडलो आणि एन्झोंना समजावू लागलो की वहिनी म्हणतात, कॉटन थ्रेड इज डिफरंट फ्रॉम वुलन थ्रेड, इथे 'फ्रॉम' येतं, 'दॅन' नाही.

एन्झोंनी मागावरून नजर न उचलता एक हात माझ्या दिशेने वर केला. या वेळी तो शंका विचारण्यासाठी नव्हता. ते अगदी स्पष्ट म्हणाले, "टीचर, प्लीज डू नॉट स्पीक नाउ. वी आर वर्किंग."

शब्दाच्या शेवटी एकही जादा स्वर नाही. नकारार्थी आज्ञार्थ बरोबर. चालू वर्तमानकाळ बरोबर. तीन महिन्यांतलं आणि आठ दिवसांतलं त्यांचं पहिलं निर्दोष इंग्रजी.

"काय म्हणून राहिले ते?" वहिनींनी खड्ड्यातून विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं, "वाक्य बरोबर आहे." आणि अंगणात जाऊन बसलो.